पांढऱ्या कपड्यातला आलुबोंडेवाला

कोरोनाच्या टायमाले सरकारनं साऱ्याइले घरात बसवलं अन् सजा झाली माह्या बायकोले. कारण तिच्या घरात मी बसलो.

मेहकरच्या स्टँडबाहेर माहा आलुबोंड्याचा ठेला. शाळेत मी दोनच वर्ग गेलो, तेबी मास्तर बदलला का ते पाहाले. पण गाडी स्टँडात वळली का नुसत्या आवाजावरून सांगाचो, जानेफळची हाय का बुलढाण्याची. अन् लॉकडाऊनमध्ये आवाजच बंद! ठेला घराच्या भिंतीले टेकलेला, कढई खिळ्याले लटकलेली. मले झोप नाही, भूक नाही (असं मी सांगतो, बायको म्हणते भूक होती).

एक दिवस राह्यवलंच नाही. बायकोले, म्हणजे शोभाले, गाडीतली सवारी म्हून घराच्या खिडकीत बसवलं अन् मी आंगणात उभा राह्यलो. "गरम आलुबोंडेऽऽ! गरम गरम!" दोन पोळ्या कागदात बांधून खिडकीतून देल्या.

"मिरची काऊन नाही देली?" शोभा आतून म्हणे.

"गाडी सुटून राह्यली बाई, लवकर पैसे काढा!"

"सुट्टे नाहीत." अन् धाडकन खिडकी लावून घेतली!

बाप्पा, खरंच गाडी सुटल्यासारखं वाटलं. आंगणात एकटाच उभा मी, डोळे भरून आले. (पोळ्याबी गेल्या होत्या.)

अशात खबर आली. ठेलेवाल्याले सरकार दहा हजार देणार, बिनातारण, हप्त्यानं फेडाचे. जवळचा पैसा सारा खाऊन झाला होता. हे भेटले तं तेल, बेसन, गॅस अन् माहा ठेला परत उभा. नाही भेटले तं ठेला भंगारात. अट एकच, नगरपालिकेचा सर्वेवाला नेहमीच्या जागेवर ठेल्यासंगं फोटो काढणार. ठेल्याले तवा बंदीच होती, म्हून पाच मिनिटं लावाचा, फोटो झाला का उचलाचा.

आता सरकार आपल्याले पाह्यणार म्हणजे काय लहान गोष्ट हाय? आमच्यात मंगल कामाले पांढरं घालतात. विहारात जायचा कडक पांढरा शर्ट-पँट मी घातला, शोभानं पांढरी साडी नेसली. ठेल्याले निळा रंग मारला. कढई राखेनं अशी घासली का तिच्यात पाहून मी भांग पाडला!

सर्वेवाला आला. चष्मा पुसला, परत घातला.

"ठेलेवाला कुठी हाय?"

"मीच जी साहेब!"

"तुम्ही? मले वाटलं उद्घाटनाले पाहुणे आले. काका, तुम्ही मदत मागणारे वाटत नाही, मदत वाटणारे वाटता! अन् ह्या कढईत कधी तेल तरी पडलं काय? वरचे म्हणतीन, ठेला काल घेतला अन् आज अर्ज केला. उद्या परत काढू. धंदा चालू दिसला पाह्यजे."

घरी येतायेता शोभा म्हणे, "मी म्हणतच होती, बनियनवर जा."

"कधी म्हटलं वं तू?"

"मनात."

दुसऱ्या दिवशी मी फाटक्या बनियनवर गेलो. कढईले खालून चुलीची काजळी फासली. शोभानं सकाळीच आलू उकडले, बेसन कालवलं. उरलं सुरलं सारं तेल ओतलं, एकच घाना निघन इतकं. बोंडे तेलात सोडले, अन् तो चर्रर्र आवाज! चार महिन्यानं! मी तं कढईकडं पाहत अस्सा उभा राह्यलो, जसं लेकरू परदेशातून आलं.

"काका, इकडं पाहा, मोबाईलकडं!" सर्वेवाला वरडला.

पण माह्या आधी सुगंध फोटो काढून निघाला होता! पहिले मेडिकलवाला आला. मंग गिरणीवाला रमेश, सारा पिठानं भरलेला. मंग ज्याइले कोणी गावात पाह्यलंच नव्हतं तेबी आले.

"सुधाभाऊ, सुरू झालं काय बे?"

"फोटोसाठी हाय हे! फक्त फोटोसाठी!"

"मंग आमचा काढ अन् दोन दे!"

"अंतर ठेवा हो!" सर्वेवाला बोंबलला, तं रमेशनं त्यालेच ढकललं. "भाऊ, लाईनीत या. मी पहिलेपासून हाव."

तितक्यात पोलिसाची गाडी वाजली. एका सेकंदात रस्ता साफ! अन् ठेल्याचा मालक? मालक ठेल्याखाली, दोन चाकांच्या मधात, डोकं गुडघ्यात घालून!

शोभा मातर जाग्यावरच. पोलीस काठी घेऊन आला तं तिनं झारा वर केला. "थांबा दादा, एवढा घाना काढू द्या. जळून जाईन. मंग मारा."

काठी हवेतच राह्यली. पोलिसानं मास्क थोडा खाली केला, वास घेतला, परत वर केला. "पाच मिनिटात उचला, बाई," इतकंच म्हणे. नेमकं तवाच सर्वेवाल्यानं बटन दाबलं.

आठ दिवसानं त्यानं बलावलं. "फोटो एक नंबर आला! धंदा एकदम चालू दिसते. पण काका, यात तुम्ही कुठी हाय?"

"खाली पाहा ना साहेब. चाकाजवळ चप्पल दिसते, ते माही."

"चपलेले मदत भेटत नाही, काका!"

झालं. अर्ज शोभाच्या नावानं भरला. ठेलेवालीचं कार्ड तिचं, बँकेत पैसा तिचा, ठेला तिचा.

गाड्या सुरू झाल्या. पहिल्या दिवशी स्टँडात जानेफळची वळली, मी आवाजच वळखला. झारा घ्याले हात पुढं केला, तं शोभानं तो बाजूले सारला.

"कांदे चिरा."

गिऱ्हाईक विचारे, "वैनी, हा माणूस नवा ठेवला काय?"

"हो. तोंड जास्त चालते, हात कमी. पाहू, टिकला तं."

आजबी गाडी वळली का जीव कसनुसा होते. कढईसमोर उभं राहून एक तरी घाना आपल्या हातानं काढावा वाटते. रोज म्हणतो, "शोभे, एकडाव मले उभं राहू दे वं कढईपाशी. एकच घाना!"

शोभा आपलं कार्ड काढते, माह्या नाकासमोर धरते. "फोटोत हाय का तुम्ही?"

मी गुपचूप ठेल्याखाली सरकतो अन् कांदे चिरतो. खालची जागा आपल्या सवयीची हाय.