मोरीजवळची लिंबोणी

केळीची रोपं बाटल्यांत वाढवणाऱ्या सोलापुरातल्या एका प्रयोगशाळेत मी नोकरी करते. त्यामुळे झाडाच्या पोटातलं मला सगळं कळतं, असा आमच्या घरात समज आहे. मी तो कधी खोडून काढला नाही. ऐकायला बरं वाटायचं.

केमजवळ आमची लिंबोणीची बाग आहे. दोन वर्षं तिनं फुलाचं नाव घेतलं नव्हतं, आणि आजूबाजूला सगळा ऊस. आप्पांनी, म्हणजे वडिलांनी, जाहीर करून टाकलं, "औंदा ताण देऊन बघतो. फुलली तर फुलली, न्हायतर जेसीबी लावतो." ताण द्यायचा म्हणजे पाणी तोडायचं, पानं पिवळी पडून गळेपर्यंत झाडाला तहानलेलं ठेवायचं आणि मग पाणी सोडायचं. त्यानं झाड फुलावर येतं. ही बाग आईनं घागरीनं पाणी घालून जगवलेली. पाणी तोडलं तसं तिचं जेवणावरचं लक्ष उडालं.

मला ते बघवेना. म्हटलं, फांदीवरच्या डोळ्यात फूल ठरलंय की पान, हे बाटलीतल्या उबेत आधीच दिसेल. एसटी चुकू नये म्हणून घराच्या मोरीजवळच्याच झाडाची फांदी तोडली, ओल्या फडक्यात गुंडाळून सोलापूरला नेली आणि एकेक डोळा धुऊन बाटलीतल्या जेलीत खोचला. "केळी सोडून हे काय?" म्हणून साहेबांनी विचारलं. मी हसून वेळ मारून नेली.

डोळे फुटले. सगळ्यांना पानं! कळी औषधालाही नाही. मी रडकुंडीला आले. फोनवर सांगायचा धीर होईना, म्हणून संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेच्या सुट्टीत घरी गेले आणि सांगून टाकलं, "फुलं नाहीत येणार, आप्पा. पानंच येतील."

आप्पांनी खिशातला फोन काढला. जेसीबीवाल्यालाच लावणार होते. तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"अवं, थांबा जरा. पोरीनं फांदी मोरीजवळच्या झाडाची नेली की. त्याला मी भांड्याचं पानी घालत हुते."

"ताण दिल्याला असताना?"

"तहानल्यालं बघवंना मला. थोडं थोडंच घातलं. त्या एकालाच."

आप्पांनी दारातून त्या झाडाकडे बघितलं, मग आईकडे बघितलं. आता चांगलाच भडका उडणार असं मला वाटलं. पण त्यांनी फोन खिशात ठेवला. "उद्या पानी सोडतो," एवढंच म्हणाले.

काही आठवड्यांनी त्यांचा फोन आला, "ये बघायला." गेले, तर अख्खी बाग पांढरी, मधमाश्यांचा नुसता गलका. आणि मोरीजवळचं झाडही इतरांसारखंच फुललेलं. आप्पांनी मला तिथंच उभं केलं.

"ह्याला तर ताण बसलाच न्हवता. मग हे कसं फुललं?"

"थंडीनं," मी म्हटलं. "थंडीनंही कळी धरते."

"मागं दोन वर्सं थंडी न्हवती व्हय?"

होती. मग मी मुळांचं सांगितलं, झाडाच्या वयाचं सांगितलं, पानांत साठणाऱ्या साखरेचं सांगितलं. बोलता बोलता माझाच गोंधळ होत गेला. आप्पा मान हलवत ऐकत होते, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

ते मोटरीकडे गेल्यावर आईनं माझा हात धरला. "उगं डोकं शिणवू नगंस. मी त्या झाडाला थेंबभर पानी घातलं न्हाय."

"आई!"

"मग काय करू? तू तितं पानं म्हणून बसलीस, आन् ह्यांनी फोन काढला."

"पण मग बाटलीत पानंच का आली?"

"ते मला कुटं म्हाईत?" आई म्हणाली. "मला बाग राखायची हुती."