बोळापलीकडचा खोकला

बालीगंजच्या आमच्या भाड्याच्या घरात हवा आत यायला तयार असायची, बाहेर जायला मात्र अजिबात नाही. सोमवारी दिलेली फोडणी शुक्रवारी पाहुण्यांच्या नाकात जायची. छताच्या पंख्यावर तेलाचा असा थर होता की तो खरवडून मी घाणाभर भजी तळली असती. नवरा बँकेतला, जन्मजात बदलीवरचा. तेलात मिरची पडली की तो शिंकायला लागे, आणि शिंक अशी की खाली ट्राम थांबावी. आमच्या रस्त्यावरून ट्राम जात नाही ही गोष्ट वेगळी. जात असती तर थांबली असती.

शेवटी मी एक्झॉस्ट फॅन बसवायचं ठरवलं. स्वयंपाकघराला खिडकी एकच, तीही बोळाकडे उघडणारी. बोळ एवढासा की समोरच्यांनी तिकडूनच आमटी चाखून मीठ कमी आहे म्हणून सांगावं. समोर माशीमा राहायच्या, बंगालीत माशीमा म्हणजे मावशी. सत्तरीच्या, एकट्या. आमच्या खिडकीसमोरच्याच खोलीत त्यांची गाण्याची शिकवणी चालायची, आणि माझी लेकही तिथेच शिकायची. सकाळी त्यांनी षड्ज लावला की माझा कणकेचा गोळासुद्धा सुरात मळला जायचा. ही अतिशयोक्ती नाही. पोळ्या खरंच मऊ व्हायच्या.

मिस्त्री आला, खिडकीतून डोकावला आणि म्हणाला, "भाभी, इथे बसवला तर सगळा धूर समोर जाईल. पाइप टाकून रस्त्याकडच्या बाल्कनीतून काढू."

"पाइप? माझ्या सोफ्याच्या डोक्यावरून?" मी म्हटलं. "लोक विचारतील, घरात हत्ती पाळलाय का म्हणून. बोळात काय कमी हवा आहे? जाईल उडून."

त्याने खांदे उडवले आणि मी सांगितलं तिथे पंखा बसवला.

पंखा कसला, राक्षस होता तो! पहिल्याच दिवशी त्याने ताटातला पापड ओढून नेला. दुसऱ्या दिवशी माझा पदर धरला. आठवड्याभरात नवऱ्याची शिंक थांबली, भिंती कोरड्या झाल्या, आणि मी घरोघरच्या हवेची तज्ज्ञ झाले. इथल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला मी भाषणच ठोकलं, "बायांनो, बाहेरच्या धुराला नावं ठेवता, पण घरातला धूर त्याच्याहून वाईट! कोंडू नका, बाहेर काढा!" बाहेर म्हणजे कुणाच्या घरात, हे कुणी विचारलं नाही. मीही आपणहून कशाला सांगू?

मग माशीमांच्या षड्जाला मध्येच ठेच लागू लागली. सूर लागायचा, अर्ध्यात खोकला यायचा, परत सूर. पुढे त्यांची खिडकी बंद झाली. ऊन वाढलंय, असं मी स्वतःला समजावलं. मग भर चैत्रात त्या गळ्याला मफलर गुंडाळून बाजारात दिसल्या.

"ऋतू बदलतोय ना, बौमा," त्या म्हणाल्या. त्या मला सुनेच्या नात्याने बौमाच म्हणायच्या.

इथे ऋतू बदलला की माणसं कानटोपीपर्यंत जातात हे मला ठाऊक होतं. मी तेच धरून बसले. ऋतूवर ढकलता येतं तेवढं दुसऱ्या कशावर ढकलता येत नाही.

लेकीने मात्र एक दिवस सरळ विचारलं, "आई, माशीमांकडे आपल्या भाजीचा वास का येतो? आज ताल धरतानाच सगळ्या मुलींना समजलं, आपल्याकडे वांगं आहे."

"बरं ना! भूक लागून आलीस," मी म्हटलं आणि पाठ वळवली.

त्याच संध्याकाळी माशीमांनी वाटीभर पायेश पाठवला. खजुराच्या गुळाची ती खीर एरवी मी चाटूनपुसून खाल्ली असती. लेकीच्या हाती निरोप होता: "तुमच्या घरचं जेवण फार सुवासिक असतं." टोमणा असता तर बरं झालं असतं. टोमण्याला मी दहा टोमण्यांनी उत्तर देऊ शकते. पण त्या बाई मनापासून बोलायच्या, आणि तो पायेश माझ्या घशाखाली वांग्याच्या काट्यासारखा उतरला.

मग मी चोरून पंखा बंद ठेवू लागले. नवरा पुन्हा शिंकू लागला.

"पंखा का बंद?"

"लाईट गेलीय."

"डोक्यावरचा पंखा फिरतोय की!"

"त्याची लाईट वेगळी."

बँकेच्या माणसाने हे मान्य केलं. कर्ज मागणाऱ्यांच्या थापा ऐकून बिचाऱ्याचं कातडं जाड झालं असावं.

अशात वर्षाचा मसाला करायची वेळ आली. गावाकडे हे काम अंगणात होतं आणि मसाला कुटणारा डंक अख्ख्या गल्लीला शिंकवतो. इथे ना अंगण ना डंक. पण विकतचा मसाला घातला तर माहेरच्या सात पिढ्या स्वप्नात येतील या भीतीने मी दरवर्षी घरीच भाजते आणि मिक्सरवर दळते. खोबरं भाजलं, धणे भाजले, पंखा बंदच ठेवला. मग कढईत मिरच्या पडल्या. ठसका असा उठला की भिंतीवरची पाल दार ठोठावू लागली. माझे डोळे वाहायला लागले, श्वास कोंडला. क्षणभरच, असं म्हणून मी बटण दाबलं.

समोर शिकवणी चालू होती. पेटी एकदम थांबली. आधी एक मुलगी खोकली, मग सगळ्या, आणि सगळ्यांच्या वर माशीमा. तो खोकला थांबेना. जिन्यावर मुलींच्या चपला वाजल्या. मी पंखा बंद केला, गॅस बंद केला आणि हातात झारा घेऊन उभी राहिले.

लेक रडतच आली. "माशीमा म्हणाल्या, आता नका येऊ. आवाज धरतच नाही म्हणाल्या."

पायेशची वाटी अजून माझ्याकडेच होती. रिकामी वाटी परत करायची नाही, ही आमची रीत. शिरा केला, वाटी भरली आणि बोळ ओलांडून गेले.

खोलीत शिरले आणि जागीच थबकले. पडद्यांना माझ्या घरचा वास होता. पेटीच्या खोळीला लसूण, उशीला मिरची. खिडकी घट्ट लावलेली होती. वर जुन्या पद्धतीचा झरोका होता, विटांच्या भोकांचा. त्याला दार नसतं. त्याच्या एकेका भोकात वर्तमानपत्राचे बोळे कोंबलेले होते.

मी तोंड उघडलं आणि तोंडाने सवयीप्रमाणे थाप मारली. "माशीमा, त्या मेल्या मिस्त्रीने पंखा चुकीच्या जागी बसवला हो! मी सांगत होते पाइप टाक म्हणून."

"असं?" त्यांनी मफलर नीट केला. "उद्या तो माझ्या न्हाणीघरातला दिवा बसवायला येणार होता. मग नको सांगते. खालच्या मजल्यालाही सांगते."

त्यांनी फोन उचलला. मी त्यांचा हात धरला.

"नको. तो पाइप टाक म्हणत होता. मीच नको म्हटलं. सोफ्यावरून बरं दिसणार नाही म्हणून."

त्यांनी फोन खाली ठेवला. रागावल्या नाहीत. झरोक्याकडे बघत म्हणाल्या, "धूर तुमच्या पंख्याचा, ते मला पहिल्या फोडणीलाच समजलं होतं."

"मग बोलला का नाहीत? एक शिवी तरी घालायची!"

"तुम्ही बदलीची माणसं, बौमा. आज आहात, उद्या नाही. पाहुण्याला कसं सांगू, रांधू नकोस म्हणून? म्हटलं, वर्ष-दोन वर्षं खिडकी लावून काढू."

मी स्टुलावर चढून ते बोळे एकेक करून काढले. आतल्या बाजूने ते पिवळे पडले होते, हळदीत बुडवल्यासारखे.

आता पाइप आमच्या सोफ्यावरून जातो. येणाऱ्याची नजर आधी त्याच्यावरच जाते. पाइप त्याच मिस्त्रीने बसवला. मी त्याला शिऱ्याचा डबा दिला.

माशीमांची खिडकी पुन्हा उघडी असते. शिकवणी सुरू झाली आहे, पण मुली कमी आहेत. डॉक्टर म्हणतात, पावसाळ्यानंतर आवाज सुधारेल, कदाचित. खालचे सूर त्या स्वतः गातात. वरच्या षड्जाच्या अलीकडे येऊन थांबतात, आणि तिथून पुढे एखादी मुलगी सूर उचलते. कधी ती माझीच लेक असते.

"काय सुंदर गाते पोर!" नवरा म्हणतो.

मी हो म्हणते, आणि माशीमा थांबतात तेवढा वेळ कढईत काहीच टाकत नाही.