रस्त्याकडे पाठ केलेले बाक

नोकरीच्या शेवटच्या वर्षांत मी आमच्या तालुक्याच्या गावी सरकारी कामांचे नकाशे काढत असे. बसस्थानकासमोरच्या मोकळ्या जागेचं सुशोभीकरण माझ्याच नकाशावरून झालं. खाली फरशी, भोवती लोखंडी कठडा, मधोमध कारंजं आणि त्याकडे तोंड केलेले आठ बाक. तिथल्या कडुनिंबाखाली एक बाई उकडलेल्या शेंगा विकायची. नकाशात त्या जागी पायवाट होती, म्हणून तिला उठवलं.

उद्घाटनानंतर तिकडे कुणी फिरकेना. लोक समोरच्या नाल्याच्या पुलावर दाटीवाटीनं बसत. त्यांत एक निवृत्त मास्तर रोज असत. एका संध्याकाळी मी त्यांना विचारलं, "गुरुजी, तिकडे बाक रिकामे आहेत. इथं का बसता?"

"तिथं बसून पाहावं काय? रस्त्याकडं पाठ होते," ते म्हणाले. "इथून बुलढाण्याची गाडी दिसते. कोन उतरलं ते समजते."

ते बरोबर बोलत होते. इतक्या वर्षांत मी नकाशात माणूस कुठे बसेल हे दाखवलं होतं. तो कशाकडे बघेल, याचा विचार केला नव्हता.

बाक फिरवायला माझे वरिष्ठ आधी तयार नव्हते. शेवटी दुरुस्तीच्या कामात रस्त्याकडचा कठडा काढला आणि बाक फिरवले. मग मी शेंगावालीला परत बोलवायला गेलो. ती आता आठवडी बाजाराच्या कोपऱ्यावर बसत होती.

"मले उठवलं तवा कोनी इचारलं नाही," ती म्हणाली. "आता काऊन बलावून राह्यले?"

"नकाशा मी काढला होता. चुकलं माझं."

ती पुडी बांधत राहिली. "पुन्हा तं नाही उठवणार?"

"मी आहे तोवर नाही."

पंधरा दिवसांनी ती आली. तिच्यामागे गाडीची वाट पाहणाऱ्या कॉलेजच्या मुली आल्या, बाजारहाट करून थकलेल्या बाया आल्या. मास्तर सगळ्यांत शेवटी आले. दोन बाकांवर ऊन येतं, ते अजूनही रिकामेच असतात.

आता मीही निवृत्त आहे. संध्याकाळी तिथं जातो. शेंगावाली मला साहेब म्हणत नाही. गर्दी झाली की सरकून बसायला सांगते, आणि मी सरकतो.