अर्ध्या कवितांचे विद्यापीठ

नांदेडच्या बसस्थानकावर सकाळी सुशीला (भिजवलेल्या चुरमुऱ्यांना फोडणी देऊन केलेला इकडचा नाश्ता) खात बसले होते. शेजारच्या बाकावरच्या आजोबांनी विचारले, "कुटं निघालाव?"

"उदगीरच्या अलीकडे एक विद्यापीठ आहे, तिकडे."

"इद्यापीठ तर हितंच हाय की नांदेडला. उलटं कशाला जाऊन राहिलाव?"

मी पुन्हा बशीकडे वळले. बशीतल्या कढीपत्त्याचा वास तेवढा खरा वाटत होता. बाकी सगळा प्रवास धूसर.

युनिस ही माझी एम.ए.ची मैत्रीण, आता एका लहानशा खाजगी ख्रिस्ती विद्यापीठाची कुलसचिव. तिचा फोन आला तो चारच दिवसांपूर्वी. "यंदा मराठीचा एम.ए.चा वर्ग उघडायचा आहे. एकच अर्ज आला आहे, पण तो मला परत करवत नाही. शिकवणारं कुणी मिळालं नाही, तर सोमवारच्या बैठकीत विषयच रद्द होईल. तू ये, बघ, आणि मग हो किंवा नाही म्हण." मी गेल्या वर्षी पुण्याच्या महाविद्यालयातून निवृत्त झाले. पावसाळा सरल्यावर भिंतीतली ओल हळूहळू सुटत जाते, तशी शिकवण्याची सवय सुटत चालली होती. तरीही पिशवीत टिपणांची जुनी वही टाकली. का टाकली, हे तेव्हाही मला सांगता आले नसते.

बसमध्ये वाहकाला मी विद्यापीठाचे पूर्ण नाव सांगितले. त्याने माझ्याकडे असे पाहिले, जणू मी परदेशाचे तिकीट मागत होते.

"अवो, मिशनची बोर्डिंग म्हना की!" पुढच्या सीटवरची बाई वळून म्हणाली.

"बोर्डिंग कवाच बंद पडली, मावशी," मागून एक गृहस्थ म्हणाले. "मास्तरकीचं कालेज हाय ते. माझा भाऊ तितंच शिकला."

"न्हाई, न्हाई, नर्सबाईंचं कालेज," दाराजवळची तरुणी म्हणाली.

"भांडू नका," वाहकाने तिकीट काढले. "तिन्हींचा फाटा एकच हाय."

खिडकीबाहेर सोयाबीनची मळणी चालू होती. यंत्रातून उडणारा भुसा उन्हात सोनेरी धुक्यासारखा तरंगत होता. तुरीला पिवळा फुलोरा आला होता, आणि काळ्या जमिनीवर तो इतका उजळ दिसत होता की डोळे क्षणभर मिटावे लागत. तीन माणसे एकाच जागेला तीन नावे देतात, आणि मी चौथे नाव घेऊन तिकडे निघाले आहे, हा विचार फाट्यावर उतरेपर्यंत मनात घोळत राहिला.

फाट्यावरून मोबाइलमधल्या नकाशाने मला गाडीवाटेने एका कमानीपाशी आणले. पिवळसर दगडाची, उंच, वर बायबलातले वचन कोरलेली देखणी कमान, आणि तिच्या अलीकडे-पलीकडे फक्त तूर. एक पाऊलवाटसुद्धा तिच्याखालून जात नव्हती. वाऱ्याने फुलोरा हलला की कमानच पाण्यात उभी आहे असे वाटे. मी तिच्याभोवती एक फेरी मारली. हे विद्यापीठाचे प्रवेशद्वार असेल, तर प्रवेश कुणाचा आणि कुठे?

शेजारच्या रानात ताडपत्री झटकणारे एक काका ओरडले, "अवो बाई, तितून न्हाई! विद्यापीठ झालं तवा नवा रोड हिकडून जानार म्हनले, म्हनून कमान बांदली. रोड गेला डोंगराच्या अंगानं. कमान ऱ्हायली हितंच."

"मग आत जायचं कसं?"

"सैपाकघरातून. कुलगुरू बी तितूनच जातेत."

मला थट्टा वाटली, पण खरेच बांधाबांधाने गेलेली वाट एका धुराने काळवंडलेल्या दारात संपली. आत भाजलेल्या ज्वारीचा वास होता. चुलीसमोर पन्नाशी ओलांडलेली एक बाई दोन्ही तळव्यांवर भाकरी फिरवत होती. "सलाम," ती म्हणाली (इथले ख्रिस्ती लोक एकमेकांना असेच अभिवादन करतात). "मी सगुणा. युनिसबाई मीटिंगमदी हायत. बसा अक्का." अक्का म्हणजे ताई, कर्नाटकाची हद्द जवळ आल्याची ती खूण.

तिने ताट वाढले. येसराची आमटी (भाजून कुटलेल्या धान्यमसाल्याची तिखट आमटी) इतकी झणझणीत की कानांत ऊब भरली. मी घास उचलणार, तोच तिने डोळे मिटले. "देवबापा, ह्या अक्कांना लांबून आनलंस. आता लवकर परत धाडू नको. आमेन." मग डोळे उघडून, "खावा."

जेवणानंतर युनिसने आवार फिरवून दाखवले. अनाथ मुलांच्या बोर्डिंगची कौलारू खोली, तिला चिकटून अध्यापक विद्यालयाचे दगडी वर्ग, त्यांच्यामागे परिचारिका महाविद्यालयाची पांढरी इमारत, आणि आता सगळ्यांवर विद्यापीठाची एक नवी पाटी. बसमधली तिन्ही माणसे बरोबर होती. जो तो आपल्या काळातले नाव धरून बसला होता. प्रार्थनामंदिरात मला ऑर्गन अपेक्षित होता; कोपऱ्यात मृदंग आणि झांजा होत्या. रेणापूरकडच्या दोन मुली बाकावर अभ्यास करत होत्या, एकीच्या कपाळावर टिकली, दुसरीच्या डोक्यावर ओढणी.

"हे नेमकं काय आहे, युनिस?"

"मलाही रोज वेगळं वाटतं," ती हसली.

"आणि तो एकमेव अर्ज?"

"त्याच अर्जाच्या हातची भाकरी खाऊन आलीस की."

मी जवळजवळ धावतच स्वयंपाकघरात परतले. सगुणाबाई परातीत पीठ मळत होत्या. त्यांनी मुक्त विद्यापीठातून बी.ए. केले होते. वर्गात मात्र एक दिवसही बसल्या नव्हत्या.

"ह्या खिडकीच्या पल्याड मास्तरकीचा वर्ग भरायचा," त्या म्हणाल्या. "पीठ मळता मळता मी कविता ऐकायची. पर जेवनाच्या घंटेआदी पाव तास मला ताटं मांडायला जावं लागायचं. शेवट कायम तितंच ऱ्हायचा."

"पण शेवट पुस्तकात असतोच ना?"

"कवितेचा असतोय. मास्तर शेवटाला काय बोलायचे, ते पुस्तकात कुटं असतंय?" त्यांनी हात थांबवले. "ती एक कविता हाय, पोरगी नदीवर जाती आन् परत येत न्हाई. का येत न्हाई, अक्का?"

ही कविता मी वर्षानुवर्षे शिकवली होती. उत्तर वहीत होते, लाल शाईत अधोरेखित. मी वही काढली, पान उघडले, आणि तो चुलीचा धूर, ते पिठाने पांढरे झालेले हात यांच्यासमोर ते नीटनेटके वाक्य मला उच्चारवेना. ते खोटे नव्हते. पण ते कधी कुणाला नदीपर्यंत घेऊन गेले असेल, असेही वाटेना.

"नंतर सांगते," मी म्हणाले आणि घड्याळाकडे पाहिले. लातूरची बस चुकली असती.

सगुणाबाई हसल्या. "बगा, तुमीबी ताटं मांडायला निघालाव."

युनिसला मी ना हो म्हणाले, ना नाही. लातूरपर्यंत तूर, सोयाबीन आणि मावळते ऊन खिडकीतून जात राहिले, आणि सगुणाबाईंचे ते वाक्य पदरात अडकलेल्या कुसळासारखे टोचत राहिले. स्थानकावर पाण्याची बाटली शोधायला पिशवी उघडली तेव्हा कळले, वही नव्हती.

युनिसचाच फोन आला. "तुझी वही ताटांच्या फळीवर राहिली आहे. कुरिअरने पाठवू?"

तिच्या मागून सगुणाबाईंचा आवाज आला, "इचारा, उगडून बगू का म्हनावं."

मी ती विसरले, की ठेवून आले? अजूनही खात्रीने सांगता येत नाही.

"उघडू नका म्हणावं," मी म्हणाले. "त्यातलं उत्तर मला आता पटत नाही."

पलीकडे फोन सगुणाबाईंच्या हातात गेला. "मग खरं कंचं, अक्का?"

"मला ठाऊक नाही, सगुणाबाई. वर्गात बसून बघू." आणि मग, "युनिसला सांगा, सोमवारी विषय राहू दे."

पलीकडे परात खाली ठेवल्याचा आवाज आला. "घंटेपतुर बसनार बगा मी," त्या म्हणाल्या. "ताटं कुनीबी मांडू दे."

पुण्यात शेजारणी विचारतात, कसे आहे ते विद्यापीठ? मी कमानीपासून सुरुवात करते आणि गोंधळून चुलीपाशी पोचते. येत्या आठवड्यात पुन्हा नांदेडची गाडी आहे. बसस्थानकाच्या बाकावर कुणी विचारलेच, तर या वेळी सांगेन, मिशनच्या बोर्डिंगला निघाले आहे. फाटा तोच आहे.