मोरा बंदरातला मामा

मी मुलांसाठी लिहिते, म्हणून शाळा मला बोलावतात आणि मी हौसेने जाते. पनवेलच्या कडेच्या एका प्राथमिक शाळेला मी एकच अट घातली होती. मुलांनी गोष्ट स्वतःच्या मनाने लिहायची. तिसरीच्या बाई फोनवर म्हणाल्या, "काळजीच करू नका मॅडम. आठवडाभर तयारी करून घेते."

तिथेच मला कळायला हवं होतं.

वर्गात गेले आणि म्हटलं, "चला, विचार करा." अख्ख्या वर्गाची बोटं एकदम गालावर गेली. थोड्या वेळाने ती एकदमच खाली आली आणि सगळे लिहायला लागले. मी वह्या बघत फिरले. पहिल्या वहीत एक गर्विष्ठ मुंगी होती. दुसऱ्या वहीत तीच मुंगी. तिसऱ्या वहीत मुंगी आणि शाईचा डाग. मी वैतागले, वह्या मिटायला लावल्या आणि स्वतःच गोष्ट सांगायला लागले. उरणच्या रस्त्यात एक म्हैस कंटेनरपुढे बसते आणि काही केल्या उठत नाही. "मग पुढे काय झालं?"

"मुंगीने माफी मागितली!" वर्ग एका सुरात ओरडला. बाई अभिमानाने फुलल्या होत्या.

शेवटच्या बाकावरची एक मुलगी तेवढी गप्प होती. बाई माझ्या कानाशी आल्या. "तिला विचारू नका हं. मामाकडे गेली होती, तिची तयारी नाही." मुलगी रडवेली होऊन म्हणाली, "मना मुंगी नाय येत."

मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! म्हटलं, मामाकडे काय झालं तेच लिही. तिने लिहिलं, 'मामा मला मोरा बंदरात लाँच दाखवायला घेऊन गेला. आत कसं बसायचं ते दाखवायला तो चढला. लाँच सुटली. मामा मुंबईला गेला. मी धक्क्यावर राहिले. मामाने टाटा केला. मी पण केला.'

मी ती गोष्ट मोठ्याने वाचली, टाळ्या वाजवायला लावल्या, स्वतःची गोष्ट अशी असते म्हणून तावातावाने भाषणही ठोकलं. मुलगी लाजून बाकाखाली शिरली. बाईंनी गोष्ट फळ्यावर उतरवून घेतली. मला वाटलं, कौतुकाने.

महिन्याने पुन्हा गेले. "विचार करा." बोटं गालावर गेली, खाली आली आणि वहीवहीतून मामा लाँचीत चढले. ज्याला मामाच नाही असा एक मुलगाही धक्क्यावर टाटा करत उभा होता. बाई म्हणाल्या, "तुम्हाला आवडली ना? म्हणून मुंगी काढूनच टाकली."

त्या मुलीची वही कोरी होती. मी तिच्याशेजारी बाकावर बसले.

"तू का नाही लिहिलंस गं?"

"माझा मामा सगल्यांनी घेतला."

मला माझीच लाज वाटली. फळ्यावर लिहिली बाईंनी, पण ओरडून वाचली होती मीच. विचारलं, "दुसरी आहे का एखादी?"

तिने आधी बाईंकडे बघून घेतलं. "हाय. पन कानात सांगीन. मामाची आता सगल्यांचीच झाली, ही नाय द्यायची कोनाला."

मी कान पुढे केला. ती गोष्ट मला शब्दन् शब्द पाठ आहे, पण इथे लिहिणार नाही.