मुन्सरिम वहिनी

गुरुवारी संध्याकाळी आमच्या औरंगपुऱ्यातल्या घरी मिडल शाळेतली मुलं भजनाला जमायची, आणि शुक्रवारी सकाळी मी सतरंजी झटकली की खाली चुरमुरे, शेरवानीचं एखादं बटण आणि एक किस्सा पडायचा. चुरमुरे चिमण्या खायच्या. बटण मी डबीत टाकायची. किस्से मात्र साठत गेले. लग्नाला वर्ष व्हायच्या आतच इतके झाले, की फुलंब्रीला माहेरी गेले की बहिणी आधी तेच विचारायच्या, "काय म्हणतात गं तुझी पोरं?"

माझी पोरं! सगळी गोम तिथंच होती. पोरं माझी नव्हतीच. जाऊबाईंची होती.

आमचे हे शाळेत हिसाब, म्हणजे गणित, शिकवायचे. आमच्या संस्थानात तेव्हा शाळा उर्दूतून, सुटी शुक्रवारची, म्हणून गुरुवारची संध्याकाळ मुलांच्या सोयीची आणि दत्ताच्याही. पण भजन सुरू केलं ते माझ्या थोरल्या जाऊबाईंनी. त्या नाशिकच्या, म्हणजे इंग्रजी मुलखातल्या. पेटी वाजवायच्या, शुद्ध बोलायच्या, आणि त्यांच्या शिऱ्यात रव्याचा दाणा न् दाणा सुटा असायचा. मुलं त्यांना वहिनी म्हणायची. नुसतं वहिनी.

लग्नानंतरच्या पहिल्याच गुरुवारी मी नवं लुगडं सावरत प्रसादाची परात घेऊन बाहेर आले. पुढं बसलेल्या एका मुलानं माझ्या मागं डोकावून विचारलं, "वहिनी कुठंयत?"

"मी आहे की," मी म्हटलं.

त्यानं माझ्याकडं नीट पाहिलं. "न्हाय, तुम्ही न्हाय," तो म्हणाला, "वहिनी."

त्या दिवसापासून मला या घरात दागिना नको होता, साडी नको होती. मला ते नुसतं वहिनी हवं होतं.

*

शाळेत फारसी शिकवायला एक मौलवीसाहेब आले होते. उत्तरेकडचे, नुकतेच आलेले, स्वभावानं अगदी गरीब. एका मुलाचा सबक पाठ नव्हता. त्यांनी कारण विचारलं. मुलगा म्हणाला, "कल मास्टरसाब के घर देव आया था ना, जी."

आता फारसीत देव म्हणजे राक्षस, हे त्या मुलाला कुठं ठाऊक!

मौलवीसाहेब त्याच संध्याकाळी घरी हजर. ओसरीवर बसले, पाणी प्यायले आणि हळू आवाजात यांना म्हणाले, "मास्टरसाब, सुना है आपके यहाँ देव आता है?"

"जी हाँ, हर जुमेरात," हे म्हणाले.

"और आप लोग उसे खिलाते भी हैं?"

"जी. शिरा, केले. जो बन पड़े."

मौलवीसाहेबांनी घराच्या तुळयांकडं एकदा पाहिलं. "अल्लाह रहम करे," ते म्हणाले. "कितना खाता है?"

दाराआड आम्ही दोघी जावा. घोटाळा कुठं झालाय ते मला आधी कळलं होतं. फुलंब्रीत आमच्या शेजारी बशीरचाचा होते. देवाच्या आणि परीच्या गोष्टी मी त्यांच्या ओट्यावर ऐकल्या होत्या. मी जाऊबाईंच्या कानात सांगितलं. जाऊबाईंनी ते दाराआडूनच, गोड आवाजात, बाहेर सांगितलं. मौलवीसाहेब पोट धरून हसले आणि जाताना यांना म्हणाले, "आपकी भाभी बड़ी होशियार हैं."

हे म्हणाले, "आहेतच."

मी ओसरीवरचा पेला उचलून घासायला गेले. तो दोनदा घासला.

*

मुलांना मराठीपेक्षा उर्दू लिहायचा सराव. त्यामुळं भजनं ती उर्दू लिपीत उतरवून घ्यायची. त्या लिपीत ऱ्हस्व स्वर लिहीत नाहीत. वाचणाऱ्यानं आपल्या अकलेनं घालायचे असतात. एका गुरुवारी जाऊबाईंनी नवीन ओळ दिली, "चरणी ठाव दे देवा." पुढच्या गुरुवारी एक मुलगा डोळे मिटून, अगदी रंगात येऊन गात होता, "चुरणी ठाव दे देवा."

जाऊबाईंनी पेटी थांबवली. "अरे, चुरणी काय? चूर्ण मागतोयस का देवाकडं?"

"तुम्हीच म्हणलात ना वहिनी," तो म्हणाला, "तिथं सगळी दुखणी बरी होतात म्हणून."

सगळे हसले. हेही हसले, आणि हसता हसता त्यांनी जाऊबाईंकडं पाहिलं. माणूस हसताना कुणाकडं बघतो, हे नव्या बायकोला बरोबर दिसतं. मी यांच्या समोरच बसले होते. माझ्याकडं बघायला मानही वळवावी लागली नसती.

*

मग जाऊबाई बाळंतपणाला नाशिकला गेल्या. त्यांना मनमाडच्या गाडीत बसवून परत येताना मी टांग्यात गप्प होते. यांना वाटलं, मला करमणार नाही. मी तसं वाटू दिलं.

पहिल्या गुरुवारी मी पहाटेपासून शिऱ्याच्या मागं लागले. तूप सढळ घातलं, वेलदोडा घातला. मुलांनी निमूट खाल्ला. मी एका मुलीला विचारलं, "कसा झालाय गं?"

"चांगलाय," ती समजुतीनं म्हणाली. "वहिनी आल्या की अजून चांगला हुईल."

त्या दिवशी एक मुलगा नवीन आला होता, लासूरहून शिकायला आलेला. दारात चपला काढताना त्यानं विचारलं, "त्या आत हायत त्या कोण?" त्याला उत्तर देणाऱ्याचे वडील तालुकदार कचेरीत अहलकार, म्हणजे कारकून, होते, तेव्हा उत्तर कचेरीतलंच मिळालं.

"त्या व्हय? त्या मुन्सरिम वहिनी. मुस्तकिल वहिनी रुखसतीवर गेल्यात."

मुस्तकिल म्हणजे कायमचा अंमलदार. तो रजेवर गेला की तेवढ्यापुरता त्याच्या खुर्चीवर बसवतात तो मुन्सरिम.

मी हे यांना सांगितलं. सांगायला नको होतं. हे भिंतीला टेकून हसत राहिले. मग माझा चेहरा पाहून म्हणाले, "अगं, मुन्सरिमला अख्त्यार सगळे असतात."

"शिरा ढवळायचे," मी म्हटलं.

*

तोंडावर मुलं मला काहीच म्हणायची नाहीत. "अहो", "ऐका की", "पाणी पायजे होतं." पेटी मला येत नव्हती. तिच्यावर जाऊबाईंनी स्वतः भरतकाम केलेला रुमाल घातलेला होता. तो मी धुतलासुद्धा नाही. दोन गुरुवार सगळ्यांनी नुसत्या टाळ्यांवर रेटले. तिसऱ्या गुरुवारी मी लाकडी पाट उलटा केला आणि त्यावर हातानं ठेका धरला. आमच्याकडं फुलंब्रीला बाया सप्त्यात धरतात तसा. गाणंही तसंच, मोकळ्या गळ्यानं.

मुलं आधी एकमेकांकडं बघायला लागली. मग एकाचा गुडघा हलला, मग दुसऱ्याचा. थोड्या वेळानं सगळी सतरंजी हलत होती.

शिऱ्याला चांगलं म्हणणारी मुलगी जाताना माझ्याजवळ रेंगाळली. म्हणाली, "वहिनी असल्या की पाय हलवायचे नसत्यात. मान बी न्हाय."

"हो का?" मी म्हटलं.

मला आनंद झाला. तो भक्तीचा नव्हता.

*

जाऊबाई बाळाला घेऊन परतल्या. मुलगा झाला होता, गोरापान. घरात सगळ्यांच्या तोंडी वहिनींचा बाळ, वहिनींचा बाळ. गुरुवार आला. मी पाट उचलून फळीवर ठेवला आणि मुलं यायच्या आधीच चुलीपाशी जाऊन बसले. शिराही जाऊबाईंनीच करून ठेवला होता.

बाहेर पेटीवरचा रुमाल निघाला. सूर लागला. जाऊबाईंनी नेहमीचं भजन धरलं, "धाव रे देवा."

मुलांनी मागून एकमुखानं उचललं, "धाव रं देवा!" आणि पाट नव्हता तर मांड्यांवर ठेका सुरू झाला.

पेटी थांबली. मी दारापाशी येऊन उभी राहिले.

"रं?" जाऊबाई म्हणाल्या. "रं काय, रं? आणि हे मांड्या बडवणं कुठलं? कुणी शिकवलं हे असलं?"

मुलांना कळेना, यात विचारण्यासारखं काय आहे.

"वहिनींनी," सगळी म्हणाली.

जाऊबाईंचा हात भात्यावर तसाच राहिला. त्यांनी मुलांकडं पाहिलं, यांच्याकडं पाहिलं.

"मी?" त्या म्हणाल्या. "मी कधी शिकवलं?"