सव्वादोनचा गजर

माझ्या पोटापाण्याचं काम म्हणजे यंत्राला वेळेवर उठवणं. सात रस्ता चौकाच्या मागं दोन खोल्यांचं आमचं ऑफिस, त्यात साहेब धरून आम्ही चौघं. दवाखान्यातल्या फ्रीजवर लक्ष ठेवणारी एक डबी आम्ही बनवायचो. लस, इन्सुलिन असलं औषध तापलं की गेलंच. डबी दर पंधरा मिनिटांनी जागी व्हायची, फ्रीजचं तापमान बघून नोंद करायची, जास्त असलं तर डॉक्टरांच्या आणि सिस्टरच्या फोनवर मेसेज टाकायची, आणि परत झोपायची. झोपायची कारण बॅटरी टिकायला हवी. आमच्याकडं वीज कधी जाईल याचा काय भरवसा!

डबी झोपली तरी तिच्यातली घड्याळाची चिप जागी असते, नाण्याएवढ्या सेलवर. झोपण्याआधी त्या चिपला गजर लावून ठेवायचा. चिपला अक्कल एवढीच, की घड्याळातली वेळ आणि गजराची वेळ तंतोतंत जुळली की डबीला हलवून उठवायचं. जुळली नाही तर गप्प. कर्नलमध्ये, म्हणजे यंत्राच्या अगदी बुडाशी चालणाऱ्या प्रोग्राममध्ये, या चिपशी बोलणारा जो भाग असतो तो ड्रायव्हर. तो मी लिहिला होता, एकट्यानं. त्याचा मला लई माज होता, खोटं कशाला बोलू.

वेळ मध्येच कुणी बदलली तर जुना गजर काढून नवा लावायचा, अशा सहा ओळी मी आधी त्यात घातल्या होत्या. पण चाचणीत त्यांच्यामुळं डबी कधी कधी दोनदा उठायची. आठवडाभर कारण सापडेना. शेवटी डोकं फिरलं आणि मी त्या ओळीच उडवल्या. वेळ बदलतंय कोण, म्हटलं.

आमच्याकडं भिंतीवरचं घड्याळ बरोबर ठेवायची पद्धतच नाही. दहा मिनिटं पुढं. एसटी चुकू नये म्हणून, पोरांची शाळा चुकू नये म्हणून. माझ्या घरचं तर बारा मिनिटं पुढं आहे. सगळ्यांना ते माहीत असतं, सगळे मनातल्या मनात वजा करतात, आणि तरी कुणी ते मागं करत नाही. असल्या घरात वाढलेला मी, आणि म्हणे वेळ बदलतंय कोण! कपाळ माझं.

मंद्रूपच्या पलीकडं एका ट्रस्टचा छोटा दवाखाना आहे. तिथं डबी बसवायला मीच गेलो होतो. तिथल्या सिस्टर दुधनीकडच्या, पन्नाशीला आलेल्या. अकरा महिन्यांच्या करारावर होत्या, दर वर्षी नव्यानं सही. नवरा अंथरुणाला खिळलेला, घर त्यांच्या पगारावर. हे त्यांनीच चहा देताना सांगितलं. डबी भिंतीवर लागल्यावर तिच्या छोट्या पडद्यावरची वेळ बघून त्या म्हणाल्या, "सर, हे घड्याळ मागं हाय की."

"मागं नाही सिस्टर, बरोबर आहे. तुमचं भिंतीवरचं पुढं आहे."

"आमचं मुद्दाम पुढं हाय."

"असू द्या. कधी बदलावंसं वाटलंच तर ही दोन बटणं बघा."

बटणं मीच दाखवली. मीच!

पुढचं मला नंतर कळलं. सिस्टर वहीत तापमान लिहायच्या भिंतीवरच्या घड्याळाप्रमाणं, डबी लिहायची तिच्या घड्याळाप्रमाणं. ट्रस्टच्या कुणीतरी येऊन दोन्ही नोंदी ताडल्या आणि दहा मिनिटांच्या फरकावरून बाईंना चारचौघांत झाडलं. त्यांनी सरळ विचार केला, दोन्ही घड्याळं एक करून टाकू. शुक्रवारी दुपारी दोन वाजून बारा मिनिटांनी बटणं दाबून त्यांनी डबीचं घड्याळ दोन बावीसवर नेलं. गजर लागला होता सव्वादोनचा. ते सव्वादोन आता येणारच नव्हते. चिप तारीखही जुळवते, महिना नाही, म्हणजे गजर वाजलाच तर पुढच्या महिन्यात त्याच तारखेला. पडद्यावरची वेळ नीट पुढं सरकत होती, त्यामुळं कुणाला संशय आला नाही. बटणं दाबल्यावर डबी क्षणभर उठली, वेळ बदलल्याची नोंद केली, पण नवा गजर लावणाऱ्या ओळी मी उडवलेल्या, त्यामुळं जुन्याच गजरावर परत झोपली ती झोपूनच राहिली.

शनिवारी दवाखाना बंद झाल्यावर गावातला डीपी जळाला आणि वीज गेली. सिस्टरचं घर हाकेच्या अंतरावर. मेसेज आला असता तर बर्फाच्या पेटीत औषधं हलवायला त्यांना दहा मिनिटं लागली नसती. मेसेज आला नाही. सोमवारी त्यांनी फ्रीज उघडला तेव्हा आतलं सगळं कोमट झालं होतं. साठाच्या साठा फेकून द्यावा लागला.

डबी माझ्या टेबलावर आली. कारण सापडायला मला वीस मिनिटंसुद्धा लागली नाहीत. तसाच उठून साहेबांकडं गेलो आणि सगळं सांगितलं.

साहेब शांत होते. "डबीतली शेवटची नोंद काय आहे?"

"बटणानं वेळ बदलली."

"मग दवाखान्याला द्यायच्या अहवालात तेवढंच लिही."

"पण साहेब, चूक आपली आहे. माझी आहे."

"अरे, खोटं लिही म्हणतोय का मी? बाकीच्या दवाखान्यांत पण आपल्याच डब्या आहेत. उद्या सगळ्यांनी परत पाठवल्या तर चौघांनी काय खायचं?"

मी लिहिलं. 'शेवटची नोंद शुक्रवार दुपारची. वापरकर्त्याने बटणांद्वारे वेळ बदलली. त्यानंतर एकही नोंद नाही.' तिन्ही वाक्यं खरी. खाली सही केली तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण केली.

चार दिवसांनी दवाखान्याच्या डॉक्टरांचा फोन आला. बाईंनीच यंत्र बंद केलं हे सिद्ध झालं, करार रद्द केला, म्हणाले. नवीन सिस्टर येईल तिला नीट शिकवा, बटणांना हात लावू देऊ नका. तेव्हाही सांगता आलं असतं. "हो सर," म्हणालो. त्याच दुपारी त्या सहा ओळी परत घातल्या, दोनदा उठण्याची खोडही काढली, तीही तासाभरात निघाली. बदलाच्या नोंदीत लिहिलं, 'किरकोळ दुरुस्ती'.

पुढच्या उन्हाळ्यात सात रस्त्याजवळच्या औषधाच्या दुकानात मागून हाक आली, "सर, ओळखलं का?" मंद्रूपकडच्या त्याच सिस्टर. अंगावर कुठल्याशा हॉस्पिटलच्या आयाचा गणवेश, हातात नवऱ्याच्या गोळ्यांची चिठ्ठी. बेडपॅन धुण्यापासून सगळं करावं लागतं, म्हणाल्या, रोज एसटीनं येणं-जाणं. राग कुठंच नव्हता. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"एक इचारायचं हुतं तुमास्नी. डॉक्टर म्हणले, मी मुद्दाम बंद केलं. देवाशपथ, मी बंद न्हाय केलं. नुसती येळ लावली. येळ लावली म्हणून यंत्र कुटं बंद पडतंय व्हय? पण घरात ह्यास्नी बी खरं वाटंना. तुमी ते बनवलंय. तुमी म्हणाल ते मी मानते. चूक माजी हुती का?"

दुकानदार माझ्याकडं बघत होता. 'नाही' एवढंच म्हणायचं होतं.

"हो सिस्टर," मी म्हणालो. "बटणाला हात लावायला नको होता."

त्यांनी मान हलवली. "म्हंजी माजंच चुकलं. वर्सभर मी उगंच दुसऱ्यास्नी बोल लावत हुते." आणि मला वाट द्यायला त्या बाजूला सरकल्या.